बुधवारची काडेपेटी

सर उघड्या दारावरही टकटक करीत. दार सताड उघडं असो, आतला माणूस समोरच बसून त्यांच्याकडे पाहत असो, ते उंबऱ्याबाहेर थांबत, बोटाच्या पेरानं चौकटीवर दोनदा वाजवीत आणि विचारीत, "येऊ का?" मग उत्तराची वाट पाहत. "सर, दिसताय की, विचारता काय!" हे त्यांच्या लेखी उत्तर नव्हतं. "या" हा शब्द कानावर पडल्याशिवाय त्यांचं पाऊल आत पडत नसे. गिरगावातल्या एका वाडीत ते थोरल्या बहिणीबरोबर राहत. तिथे स्वतःच्या खोलीतही ते असेच शिरत. आक्का आतून ओरडत, "ये रे बाबा, ये! साठ वर्षं ह्याच घरात राहतोस, आणि रोज पाहुण्यासारखा उभा!"

वाडीच्या तोंडाशी एक पानवाला होता. सर रोज संध्याकाळी त्याच्याकडून दोन लवंगा आणि एक सुपारी घेत. एकदा त्यानं त्यांना येताना पाहून पुडी आधीच बांधून ठेवली आणि म्हणाला, "नेहमीचंच ना, सर?" सरांचा चेहरा उतरला. "तुम्हाला कसं ठाऊक?" त्यांनी विचारलं. पानवाला हसला. सर हसले नाहीत. त्यांनी क्षणभर विचार केला, मग अगदी सावकाश म्हणाले, "दोन लवंगा. आणि... एक सुपारी." तीच पुडी घेऊन घरी गेले. आक्कांची तक्रार याहून मोठी होती. "ह्याला पिठलं आवडतं म्हणून केलं, तर म्हणतो, तुला कोणी सांगितलं? अरे, आईच्या माघारी तुला भरवलंय मी!"

हा विक्षिप्तपणा होता, यात शंका नाही. पण त्याचं मूळ कुठे होतं हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मला त्याचं हसू कधी आलं नाही.

परळच्या एका मोठ्या रुग्णालयात सर मानसोपचार विभागात होते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांशी बोलायचं ते औषध देण्यापुरतं, असा तेव्हाचा रिवाज होता. सर औषधाच्या विरोधात मुळीच नव्हते. इंजेक्शनची तारीख चुकली तर ते रुग्णाच्या घरी निरोप धाडीत. पण ते म्हणत, "गोळीनं गोंगाट कमी होतो. गोंगाट ऐकणारा कोण, हे गोळी सांगत नाही." हा विचार माझा आहे, हा हात मी हलवला, माझ्या मनातलं समोरच्याला दिसत नाही, या गोष्टी तुम्हा-आम्हाला कोणी शिकवाव्या लागत नाहीत. त्या आपोआप वाटतात. ज्यांना त्या आपोआप वाटेनाशा झाल्या, अशा माणसांबरोबर सर बसत. त्यांच्या दृष्टीनं अशा माणसाला "मला माहीत आहे" असं म्हणणं हा हल्ला होता. दारं-भिंती नसलेल्या घरात राहणाऱ्यापुढे जाऊन आणखी एकानं विनापरवाना उभं राहण्यासारखं. आणि जे रुग्णापुढे करायचं नाही ते पानवाल्यापुढे तरी का करावं, असा त्यांचा हिशेब असावा. सवय अर्धवेळ ठेवता येत नाही, असं ते एकदा म्हणाले होते.

लालबागमधल्या एका सार्वजनिक वाचनालयाला बुधवारी सुट्टी असे. त्या दिवशी दुपारी पहिल्या मजल्यावरची आतली खोली सरांना विनामूल्य मिळे. रुग्णालयातल्या गर्दीत जे जमत नसे ते तिथे चाले. आल्या आल्या सर दोन कामं करीत. आदल्या दिवशीची वर्तमानपत्रं उचलून कपाटात बंद करीत, कारण ठळक मथळे आपल्याविषयीच आहेत असं त्यांच्या काही रुग्णांना वाटे. आणि भिंतीवरच्या थोर पुरुषांच्या तसबिरींवर पंचे टाकीत, कारण तितके डोळे एकदम अंगावर येणं रुग्णांना सोसत नसे. वाचनालयाच्या चिटणिसांना हे कळलं तेव्हा ते तणतणत आले.

"सर, अहो, थोर माणसांच्या तोंडावर पंचे? कोणी पाहिलं तर लोक आमच्या तोंडाला काळं फासतील!"

"आठवड्यातनं एक दिवस," सर गंभीरपणे म्हणाले. "त्यांनाही विश्रांती नको का?"

चिटणीस विचारात पडले आणि पुढच्या बुधवारी त्यांनी स्वच्छ धुतलेले पाच पंचे पाठवून दिले.

खोलीला एक खिडकी होती. ती बाहेरच्या गॅलरीत उघडत असे, आणि गॅलरीत एक बाक होता. रुग्ण तिथे वाट पाहत बसे. खिडकीची लाकडी दारं नेहमी लावलेली असावीत, हा सरांचा नियम होता. "वाट पाहणारा माणूस एकटा असतो," ते म्हणत. "त्याचं एकटेपण आपण चोरायचं नाही."

मी एम. ए. होऊन त्यांच्याकडे शिकायला गेले तेव्हा गिरण्यांच्या संपाला आठ-नऊ महिने झाले होते. पुस्तकं मी पुष्कळ वाचली होती. माणसांशी बोलताना मात्र माझी जीभ टाळूला चिकटे. सरांनी मला कोपऱ्यातली खुर्ची दिली आणि टिपणं काढायला सांगितलं. ते काम मला आवडलं, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं.

त्या वर्षी सरांकडे एक साचेवाला येई. कापड विणणारा कामगार. त्याला इथे दुसरं नाव देणं सोपं होतं, पण ज्याचं स्वतःचं असं आधीच फार थोडं उरलं होतं, त्याचं नावही आपण बदलावं हे मला बरं वाटत नाही. मूळचा मालवणकडचा, पस्तिशीचा, हात अत्यंत देखणे. गिरणीत त्यानं पहिली कित्येक वर्षं बदली म्हणून काढली होती. म्हणजे रोज सकाळी फाटकापाशी उभं राहायचं, कोणी कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या साच्यांवर त्याच्या जागी काम करायचं, आणि तो परत आला की बाजूला व्हायचं. पुढे तो कायम झाला. मग संप झाला, फाटकं बंद झाली, आणि एके दिवशी तो बायकोला म्हणाला की, ह्या अंगात आपण बदलीवर आहोत. ज्याचं अंग आहे तो आला की आपल्याला उठावं लागेल. आणि आपल्या मनात जे येतं ते चाळीतल्या सगळ्यांना आधी कळतं.

बायको त्याला घेऊन आली तेव्हा पदराचं टोक पिळत म्हणाली, "डॉक्टरांनू, ह्ये बोलतत ता माका कळता. पण ह्येंचा ह्येंकाच कळणा नाय."

सरांनी मला ते वाक्य जसंच्या तसं लिहायला सांगितलं. "इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नाही," ते म्हणाले.

काडेपेटीची कल्पना दुसऱ्या की तिसऱ्या बुधवारी निघाली. सरांनी एक रिकामी काडेपेटी त्याच्यापुढे ठेवली. "पुढच्या बुधवारी येताना हिच्यात एक वस्तू घालून आणा. काय, ते कोणालाही सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही. मी तीनदा ओळखायचा प्रयत्न करीन. ओळखलं तर तुमचं म्हणणं खरं, तुमच्या मनातलं बाहेर येतं. नाही ओळखलं तर आपण दोघं विचार करू."

तो गेल्यावर मी धीर करून विचारलं, "सर, तुम्ही मुद्दाम चुकणार?"

"छे! मुद्दाम चुकलो तर त्याला पहिल्या दिवशी कळेल. मी मनापासून ओळखणार, आणि देवाच्या दयेनं मनापासून चुकणार."

आणि ते खरोखरच चुकत. ओळखण्यात ते विलक्षण ढ होते. पेटी कानाशी हलवीत, डोळे मिटीत, कपाळाला आठ्या घालीत. "तांदूळ?" साचेवाला मान हलवी. "मग बटण. शर्टाचं बटण." नाही. "चिंचोका!" तेही नाही. मग पेटी उघडून दाखवायची की नाही हे त्यानं ठरवायचं. पहिले काही बुधवार तो लगेच उघडून दाखवी. सुताचा तुकडा, रुळांजवळचा खडा, शेवचिवड्यातला एक शेंगदाणा. सहाव्या बुधवारी त्यानं पेटी उघडलीच नाही. खिशात टाकली आणि प्रथमच हसला. "ऱ्हवांदे," तो म्हणाला. "माझ्याकडेच ऱ्हवांदे."

तो गेल्यावर सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पुसला. "अगं, त्यानं आज एक खोली बांधली," ते म्हणाले. "एवढीशी. पण तिला दार आहे."

आता ज्या दिवसाविषयी लिहायचं टाळत मी इतकी पानं लिहिली, त्या दिवसाकडे येते.

नववा किंवा दहावा बुधवार होता. फार उकडत होतं. सर तोंड धुवायला खाली गेले होते. वाऱ्याची एखादी झुळूक येईल म्हणून मी खिडकीचं एक दार चार बोटं ढकललं. बाहेर बाकावर साचेवाला बसला होता. त्यानं खिशातून रुमालाची घडी काढली, घडीतून काहीतरी उचललं, उन्हात धरलं. हिरव्या बांगडीचा तुकडा होता. बायकोच्या हातातली असावी. तो त्याच्याकडे असा काही पाहत होता की मी नजर हलवायला हवी होती. मी हलवली नाही. मग त्यानं तो तुकडा पेटीत ठेवून पेटी बंद केली. तोवर त्यानं दाखवलेल्या वस्तू रस्त्यावरच्या, गिरणीच्या किंवा खाऊच्या पुडीतल्या होत्या. घरातून, स्वतःच्या माणसाकडून आणलेली ही पहिली.

सर आले. खेळ सुरू झाला. सर तीनदा चुकले. खिळा, लवंग, गव्हाचा दाणा. साचेवाल्याचा चेहरा उजळला होता, आणि त्या भरात तो, ज्यानं तोवर माझ्याकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं, माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही सांगा. तुमका काय वाटता?"

कोणी मला काही विचारावं असं तोपर्यंत त्या खोलीत घडलं नव्हतं. शाळेत उत्तर येत असताना हात वर न करणारी मुलगी मी. त्या दिवशी हात वर गेला.

"बांगडीचा तुकडा," मी म्हणाले. आणि एवढ्यावर न थांबता, "हिरव्या."

साचेवाल्याचा हात पेटीवर होता, तो तिथेच राहिला. सर माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "कसं ओळखलंस?" त्यांनी विचारलं आणि ते थांबले, उंबऱ्याबाहेर थांबत तसे. साचेवालाही माझ्या तोंडाकडे पाहत होता. "मी खिडकीतून पाहिलं," एवढंच सांगायचं होतं. तीन शब्द. त्यांनी त्या माणसाला त्याची खोली परत मिळाली असती. पण नियम मोडल्याची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, ओळखू शकणारी मुलगी असण्याची जी गोडी त्या क्षणभरात चाखली होती, ती सोडवेना.

"सहज... सुचलं," मी म्हणाले.

"सुचलं," साचेवाला म्हणाला. त्यानं एक बोट स्वतःच्या कपाळाला लावलं आणि मग तेच माझ्या कपाळाच्या दिशेनं नेलं. "म्हणजे हयसून थंय गेला." पेटी उचलून तो उठला, आणि जाताना दार लावून घ्यायला विसरला नाही.

पुढच्या बुधवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बायको सांगत आली की डोक्याला मफलर गुंडाळून भिंतीकडे तोंड करून बसतात, दार उघडू देत नाहीत. मग सर जाऊ लागले. दर बुधवारी वाचनालयातलं काम आटोपून ते त्याच्या चाळीत जात, बंद दारावर दोनदा टकटक करीत, "येऊ का?" विचारीत, आणि उत्तर आलं नाही की गॅलरीतल्या पिंपाला टेकून उभे राहत. "पेटीत काही असेल तर मी ओळखतो हं," ते दाराला सांगत. "बटण? ... सुई? ... करवंदाची बी?" चाळीतल्या पोरांना ही मोठी गंमत झाली. "काडेपेटी डॉक्टर इलो रे!" असा पुकारा होई आणि मजलाभर माणसं दारात येऊन हसत. एका म्हाताऱ्यानं तर सुचवलं, "डॉक्टर, सोन्याचा हार म्हणा, बघा कसा भायर येता!" सर त्यालाही गंभीरपणे म्हणाले, "नाही हो, काडेपेटीत मावायला हवं."

मी त्यांची पिशवी धरून खाली जिन्यापाशी उभी राही. वर जाण्याचा धीर मला झाला नाही. दर बुधवारी ठरवी की परतताना सांगेन, आणि दर बुधवारी लालबागच्या नाक्यापर्यंत आम्ही गप्प चालत येऊ.

चाळीत जायला लागल्यापासूनच्या एकोणिसाव्या बुधवारी सर जिना धावत उतरले. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. समोरच्या रसवंतीत शिरून त्यांनी दोन ग्लास रस सांगितला आणि रसवाल्याचा हात धरून म्हणाले, "मी चुकलो! आज मी चुकलो!" तो बिचारा घाबरून म्हणाला, "असू द्या साहेब, होतं असं." वर बंद दाराआडून एकच शब्द आला होता. सर म्हणाले होते, "खडूचा तुकडा?" आणि आतून आवाज आला होता, "नाय."

त्यानंतर तो त्यांना आत घेऊ लागला. सर स्टुलावर बसत, तो बोले, कधी तासन्‌तास बोले. बायकोनं घरगुती डबे सुरू केले होते. संप संपल्याचं कोणी जाहीर केल्याचं मला आठवत नाही. लोक हळूहळू त्याविषयी बोलेनासे झाले, इतकंच. गिरणीचं बोलावणं त्याला कधी आलं नाही. सर गुडघे चालेनासे होईपर्यंत, कितीतरी वर्षं, दर बुधवारी जात राहिले. पण काडेपेटीत त्यानं पुन्हा काही ठेवलं नाही, आणि डोक्याचा मफलर मे महिन्यातही उतरवला नाही.

मी ते काम सोडलं. एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवू लागले. स्वत्वाच्या विकृती मी चांगल्या समजावून सांगते, असं वर्गातले विद्यार्थी म्हणत.

सरांची ऐंशी उलटली, आक्का गेल्या, तेव्हा एकदा गिरगावात त्यांना भेटायला गेले. दार उघडं होतं. मी टकटक केली. "या," ते म्हणाले. चहा झाला. आणि काहीही कारण नसताना, पंचवीसहून अधिक वर्षांनी, मी ते सांगितलं. खिडकी, रुमाल, ऊन, सगळं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "किती उघडी होती?"

"चार बोटं."

त्यांनी आपली चार बोटं डोळ्यांपुढे धरली आणि पाहत राहिले. "ती उघडी आहे हे मी त्या दिवशी तू गेल्यावर पाहिलं होतं," ते म्हणाले. "मला तेव्हाच वाटलं होतं. पण वाटणं म्हणजे माहीत असणं नव्हे. जे मला फक्त वाटतंय ते मी त्याला खरं म्हणून कसं सांगणार? म्हणून तुझी वाट पाहिली. तू सांगशील म्हणून." त्यांनी हात खाली घेतला. "मी विचारायला हवं होतं गं. माझा नियम राहिला, आणि तो माणूस मफलरात राहिला."

मला वाटलं, ते मला क्षमा करतील किंवा दोष देतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. "हे मला कशाला सांगतेस?" ते म्हणाले. "हे माझं नाही. त्याला जाऊन सांग."

गिरणीच्या जागी तोवर काचेच्या इमारती झाल्या होत्या आणि चाळीच्या जागी एक मनोरा. साचेवाल्याला अकराव्या मजल्यावर घर मिळालं होतं. बायकोनं दार उघडलं, मला ओळखलं. "बाई, तुम्ही? ह्येंका भेटूक इलात?" तो आत खुर्चीवर बसला होता. केस पांढरे, हात अजून तसेच देखणे, डोक्याला मफलर. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, कारण त्यानं आत बोलावलं नव्हतं. "त्या दिवशी खिडकी उघडी होती. तुम्ही बाकावर बसून बांगडीचा तुकडा पेटीत ठेवला, तो मी पाहिला. तुमच्या मनातलं मला काहीही कळलं नव्हतं. मी खोटं बोलले."

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टरांनी पाठवला तुमका?"

त्या माणसाशी पुन्हा खोटं बोलणं शक्य नव्हतं. "हो," मी म्हणाले. "त्यांनीच सांगितलं, जाऊन सांग म्हणून."

"तरीच," तो म्हणाला, आणि हसला. माझी कीव आल्यासारखं, ममतेनं हसला. "डॉक्टर चांगलो माणूस. अजून औषध देता. तेंका सांगा, मी बरो आसंय." आणि त्यानं मफलर कानांवरून आणखी खाली ओढला.

परत येऊन मी सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या बुधवारी पुन्हा जा."

त्याच महिन्यात सर गेले. मी पुढच्या बुधवारी गेले होते, त्याच्या पुढच्याही. मनोऱ्याच्या खाली पहारेकरी वहीत नाव लिहून घेई आणि कामाच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून विचारी. मी "वैयक्तिक" असं लिही. वर दारावर दोनदा टकटक करी, "येऊ का?" विचारी. दाराला बाहेर पाहायचं भिंग होतं. ते काही वेळ काळं होई, मग पुन्हा उजळे. दार उघडत नसे. एका बुधवारी पहारेकऱ्यानं वही पुढे न करता मला विचारलं, "मॅडम, वर कोणी ओळखीचं आहे का नक्की?" मी वही स्वतःकडे ओढून नेहमीसारखं "वैयक्तिक" लिहिलं.

सरांना ते "नाय" एकोणिसाव्या बुधवारी ऐकू आलं होतं. मी सात बुधवार गेले.